मणक्याची दुखापत आणि ऑक्सिजनचं चेंबर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मिरजेत राहते आणि तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ भागात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. कमरेखालून किंवा मानेखालून गेलेल्या पेशंटच्या घरी गेलं की व्यायाम होईपर्यंत सगळे गप्प असतात. चहा आला की मोबाइल पुढे येतो आणि त्यात काचेच्या नळकांड्यात झोपलेल्या माणसाचा व्हिडिओ असतो. मग सुरू होणारे प्रश्न सगळ्या घरांत जवळजवळ सारखेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले.

"ताई, ते ऑक्सिजनच्या टाकीत घालत्यात म्हणं. आमच्या पोराला घालूया का?"

नुसत्या मज्जारज्जूच्या दुखापतीसाठी असेल तर माझं उत्तर नाही. पडल्याला सहा महिने, वर्ष, दोन वर्षं झाली असतील तर ठामपणे नाही. कारणं पुढे येतील. एक-दोन अपवाद आहेत, तेही सांगते.

हे चेंबर म्हणजे नेमकं काय?

बंद कक्ष. आत हवेचा दाब वाढवतात आणि माणूस शुद्ध ऑक्सिजन ओढतो. एका माणसाचं चेंबर पारदर्शक नळकांड्यासारखं असतं. मोठ्या चेंबरमध्ये पाच-दहा जण बसतात आणि ऑक्सिजन मास्कमधून किंवा डोक्यावरच्या टोपातून मिळतो. दाब बहुधा नेहमीच्या दुप्पट ते अडीचपट. एक बैठक साधारण तास-दीड तासाची, आणि अशा वीस, तीस, चाळीस बैठका सांगतात.

दुप्पट दाब म्हणजे किती, हे सांगलीकडच्या माणसाला विहिरीच्या भाषेत लगेच कळतं. पाच-सहा परस पाण्याच्या तळाशी, म्हणजे दहा मीटरवर, अंगावर जेवढा दाब असतो तेवढा. लहानपणी तळाची माती मूठभर काढून आणायच्या पैजा लावलेल्यांना त्या खोलीवर कानाला बसणारे दडे आठवत असतील. चेंबरमध्ये तसेच दडे बसतात, फक्त अंग कोरडं राहतं.

कोविडच्या वेळचं कॉन्सन्ट्रेटर मशीन घरात पडून आहे. ते रोज तासभर लावलं तर?

बोटाला ऑक्सिमीटर लावा. ९७-९८ दाखवतोय? मग त्याच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या गाड्या आधीच भरलेल्या आहेत, नळी लावून आणखी माल चढणार नाही. चेंबरचं गणित वेगळं आहे. वाढलेल्या दाबाखाली ऑक्सिजन हिमोग्लोबिनच्या गाड्यांशिवायही थेट रक्ताच्या पाण्यात विरघळतो, सोड्याच्या बाटलीत गॅस विरघळतो तसा. साधी हवा घेताना १०० मिलिलिटर रक्तात असा विरघळलेला ऑक्सिजन ०.३ मिलिलिटरच असतो. तिप्पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला तर तो ६ मिलिलिटरच्या आसपास जातो. ॲमस्टरडॅमचे सर्जन बोएरेमा यांनी १९६० च्या सुमारास डुकरांच्या अंगातल्या जवळजवळ सगळ्या लाल पेशी काढून, निव्वळ अशा विरघळलेल्या ऑक्सिजनवर त्यांना चेंबरमध्ये जिवंत ठेवून दाखवलं होतं.

म्हणजे चेंबर हे थोतांड नाही. भौतिकशास्त्र पक्कं आहे. प्रश्न एवढाच, की तो ऑक्सिजन जिथे पोचतो तिथे त्याच्याने भरून निघण्यासारखं काही शिल्लक आहे का.

मग मज्जारज्जूला त्याचा उपयोग होईल असं डॉक्टरांना वाटलं तरी कशावरून?

विचार चुकीचा नव्हता. ट्रॉलीवरून माणूस पडतो तेव्हा मज्जारज्जूचं नुकसान दोन हप्त्यांत होतं. पहिला हप्ता त्याच क्षणी: मणका सरकतो, हाडाचा तुकडा आत घुसतो, तंतू चेपतात, तुटतात. दुसरा हप्ता पुढच्या तासांत आणि दिवसांत. सूज चढते, बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, शेजारच्या चांगल्या पेशींनाही रक्त आणि ऑक्सिजन मिळेनासा होतो आणि त्याही मरायला लागतात. डॉक्टरांना वाटलं, हा दुसरा हप्ता तरी अडवता येईल. उंदरांवरच्या प्रयोगांत दुखापतीनंतर लगेच चेंबरमध्ये ठेवल्यावर काही फायदा दिसलाही.

पण 'लगेच' हा शब्द पुन्हा वाचा. तो काही तासांचा हिशेब आहे. माझ्याकडे विचारणाऱ्यांचा अपघात मागच्या दिवाळीतला असतो, कधी त्याच्याही मागच्या. तोवर सूज केव्हाच उतरलेली असते, जखमेच्या जागी वण आणि पोकळी तयार झालेली असते. तार तुटून महिना झाल्यावर सबस्टेशनचा दाब वाढवून मोटर चालू होत नाही, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पण पाणबुडे तर याच चेंबरमध्ये बरे होतात. त्यांचेही पाय गेलेले असतात ना?

सगळा घोळ इथे आहे.

समुद्रात टाकी पाठीवर बांधून खोल जाणारा पाणबुड्या दाबाखालची हवा ओढतो. त्यातला नायट्रोजन त्याच्या रक्तात, चरबीत विरघळतो. तो घाईने वर आला की सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यासारखे आत बुडबुडे होतात. ते मज्जारज्जूत अडकले तर पाय जातात, लघवी अडते. त्याला ताबडतोब चेंबरमध्ये घालून दाब वाढवला की बुडबुडे दाबाने लहान होतात, नायट्रोजन श्वासातून बाहेर पडतो आणि उपाशी पेशींना ऑक्सिजन मिळतो. तिथे चेंबर हाच मुख्य उपचार आहे. मुंबईत नौदलाच्या आयएनएचएस अश्विनी रुग्णालयात ही विद्या आहे ती याचसाठी.

आता आपल्याकडचा पाण्यातला अपघात बघा. मे महिना, विहिरीचं पाणी उतरलेलं, पोरगं काठावरून सूर मारतं. डोकं तळाला किंवा कपारीला आपटतं आणि मानेतला मणका मोडतो. दोघंही पाण्यात गेले, दोघांचेही हातपाय गेले. एकाच्या मज्जारज्जूत बुडबुडा आहे, दुसऱ्याच्या मज्जारज्जूवर हाड बसलंय. बुडबुडा दाबाने विरघळतो, हाड विरघळत नाही. पहिल्याच्या बरं होण्याचा व्हिडिओ दुसऱ्याच्या आईला दाखवला जातो, आणि दाखवणारा बहुतेक वेळा भल्या मनानेच दाखवतो.

माणसांवर अभ्यास झालेत की नाही?

झालेत, पण छोटे. १९७०-८० च्या दशकांपासून अधूनमधून होतात. जपानमधला २००० साली छापलेला एक अभ्यास वारंवार पुढे केला जातो. त्यात मानेला झटका बसलेले पण हाड न मोडलेले ३४ रुग्ण होते आणि ते उपचार झाल्यावर मागे वळून तपासलेले होते. चेंबरवाल्या गटात सुधारणा थोडी जास्त दिसली. पण कुणाला चेंबर द्यायचं हे चिठ्ठी टाकून ठरवलं नव्हतं, आणि अशी दुखापत तशीही बऱ्यापैकी भरून येते. त्यानंतर चीनमधूनही असे अभ्यास आले. मोठा, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला, तपासणाऱ्यालाही कोणता रुग्ण कुठल्या गटातला हे माहीत नसलेला असा भक्कम पुरावा काही उभा राहिलेला नाही.

"अमुक गावचा एक जण चाळीस वेळा बसून आला, आता त्याचा अंगठा हलतो." हे खोटं आहे का?

अंगठा हलत असेल. मी असे अंगठे पाहिलेत, चेंबरमध्ये न गेलेल्यांचेसुद्धा.

दुखापत 'पूर्ण' की 'अपूर्ण' यावर सगळं असतं. डिस्चार्ज कार्डावर एशिया (मज्जारज्जूची दुखापत मोजायची पट्टी) ए, बी, सी, डी असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते शोधा. ए म्हणजे गुदद्वाराजवळच्या शेवटच्या भागातही संवेदना नाही, हालचालही नाही. बी म्हणजे खाली संवेदना आहे, हालचाल नाही. सी-डी म्हणजे काही हालचाल आहे. अपूर्ण दुखापतीत पहिल्या तीन ते सहा महिन्यांत आपोआप बरीच सुधारणा होते आणि पुढेही वर्ष-दीड वर्ष हळूहळू चालू राहते. नेमक्या याच महिन्यांत घरचे लोक चेंबर, मालिश, काढा, गंडा, सगळं करत असतात. मग जे शेवटचं केलं त्याला श्रेय मिळतं. पाऊस पडायच्या आदल्या दिवशी ज्याने बेडूक ओरडताना ऐकला, त्याला वाटतं बेडकानेच पाऊस आणला.

आणखी एक. पाय उडतात, ताठ होतात, त्याला हालचाल समजू नका. पेशंटला डोळे मिटायला सांगा आणि म्हणा, "आता डावा अंगठा वर कर. थांब. परत कर." सांगितल्यावर हलला आणि सांगितल्यावर थांबला तरच तो त्याचा.

केंद्रवाले म्हणतात हा मान्यताप्राप्त उपचार आहे.

अर्धं खरं. या उपचाराच्या मान्य कारणांची आंतरराष्ट्रीय यादी आहे. तीत पाणबुड्यांचा आजार, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, गॅस गँगरीन, चेंगरलेले अवयव, न भरणाऱ्या काही जखमा, औषधांना दाद न देणारा हाडाचा जंतुसंसर्ग, किरणोपचाराने झालेलं नुकसान, अचानक आलेला बहिरेपणा वगैरे आहेत. मज्जारज्जूची अपघाती दुखापत त्या यादीत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ साली लोकांना सावध करणारी सूचना काढली, तेव्हा ज्या आजारांसाठी हा उपचार सिद्ध नाही त्यांत मज्जारज्जूच्या दुखापतीचं नाव घेऊन लिहिलं होतं.

कापडी, फुगवायच्या पिशवीसारखं चेंबर असेल तर तो आणखी निराळा प्रकार. त्यात दाब सव्वापट-दीडपटीच्या पुढे जात नाही. खऱ्या चेंबरच्या अभ्यासांचे आकडे दाखवून त्या पिशवीत झोपवणं म्हणजे कढईचा भाव सांगून चमचा विकणं.

फायदा नाही तर नाही, पण तोटा तर नाही ना?

आहे, आणि मणक्याच्या पेशंटला इतरांपेक्षा जास्त आहे.

कानाला इजा हा सगळ्यात नेहमीचा त्रास. इतर माणूस नाक दाबून, फुंकर मारून कान मोकळे करतो. मानेखालून गेलेल्याचे हातच नाकापर्यंत जात नाहीत. त्याची फुंकरही अशक्त असते. फुप्फुसातून हवा फुटून छातीत साठलेली असेल आणि तिच्यावर उपचार झालेला नसेल तर चेंबर जिवावर बेतू शकतं. मधुमेह्याची साखर आत घसरू शकते. क्वचित फिट येते. बऱ्याच बैठकांनंतर दूरचं धूसर दिसायला लागतं, ते बहुतेकांचं काही आठवड्यांत निवळतं.

आता खास आपल्या पेशंटचं. दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल तर लघवीची नळी मुडपली, पोट साफ नसलं, एवढ्यावरूनही रक्तदाब एकदम भडकतो. डोकं ठणकतं, तोंड लाल होतं, दुखापतीच्या वरच्या अंगाला घाम सुटतो. एरवी ज्याचा वरचा दाब १०० असतो त्याचा १५० झाला तरी ती धोक्याची घंटा आहे. घरी असताना आपण त्याला ताठ बसवतो, कपडे सैल करतो, नळी बघतो. चेंबरचं दार मात्र असं झटकन उघडता येत नाही, दाब सावकाश उतरवावा लागतो.

आणि आग. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगीचा वणवा होतो. इटलीत मिलानमध्ये १९९७ साली चेंबरला आग लागून ११ माणसं गेली. अमेरिकेत मिशिगन राज्यात जानेवारी २०२५ मध्ये पाच वर्षांचं मूल आत असतानाच चेंबर पेटलं आणि ते मूल वाचलं नाही.

मी स्वतः पाहिलेला तोटा मात्र यातला कुठलाच नव्हता. तासगाव तालुक्यातला एक पेशंट, उसाच्या ट्रॉलीवरून पडलेला, तिशीही न गाठलेला. घरच्यांनी पुण्यात खोली घेतली आणि दीड महिना रोज रिक्षाने ने-आण केली. परत आल्यावर मी त्याला कुशीवर वळवलं तर माकडहाडावर पाच रुपयांच्या नाण्याएवढा काळा डाग. कडा लाल, मधली कातडी कडक. वहिनी म्हणाल्या, "अवो, तितं रोज किती मऊ गादीवर झोपवत हुते!" गादी मऊ असेल, पण रिक्षा, चेंबर, परत रिक्षा, परत खोली यात दर दोन तासांनी कूस बदलायची राहून गेली होती. ती जखम भरायला पाच महिने गेले. ज्या पायांसाठी गेले त्या पायांचा व्यायामही तेवढे पाच महिने बंद राहिला.

मग बेडसोअर भरायला चेंबर चालेल का?

हा मघाशी म्हटलेला अपवाद. जखम हाडापर्यंत गेली, हाडात जंतुसंसर्ग मुरला आणि ऑपरेशन व औषधं करूनही हटत नसेल, किंवा जखमेवर फिरवून बसवलेला कातडीचा तुकडा काळा पडायला लागला असेल, तर सर्जन स्वतः चेंबर सुचवू शकतात. ते ऐका. साध्या बेडसोअरसाठी मात्र आधी त्या जागेवरचा भार काढा. भार तसाच ठेवून दिलेला कुठलाही ऑक्सिजन वाया जातो.

कमी ऑक्सिजन देऊन चालायला लावतात असंही वाचलं. हे काय नवीन?

चक्क उलटा प्रयोग, पण मला चेंबरपेक्षा यात जास्त रस वाटतो. २०१४ साली 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात १९ रुग्णांचा अभ्यास आला. सगळे जुनी, अपूर्ण दुखापत असलेले. त्यांना दीड मिनिट ९ टक्केच ऑक्सिजन असलेली हवा, मग मिनिटभर साधी हवा, असं पंधरा वेळा आणि तेही पाच दिवस दिलं. त्यांचं चालणं काही प्रमाणात सुधारलं, विशेषतः सोबत चालण्याचा सराव केला तेव्हा. थोडक्या वेळच्या टंचाईने मज्जारज्जूतल्या उरलेल्या जोडण्या जास्त जागरूक होतात, असा त्यामागचा तर्क. अजून हा प्रयोगशाळेतलाच मामला आहे. घरी तोंडावर पिशवी धरून हे करायला जाल तर पोराचा जीव जाईल.

पडल्या दिवशी काय करायचं असतं? तेव्हा ऑक्सिजन लागतो का?

तेव्हा लागतो, पण साधा, मास्कचा. मानेच्या तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या नसेवर श्वासाचा पडदा चालतो. तिथे मार असेल तर श्वास उथळ होतो. रक्तातला ऑक्सिजन आणि रक्तदाब पडू न देणं हाच त्या दिवशीचा मज्जारज्जूचा खरा ऑक्सिजन उपचार.

बखोटीला धरून उठवू नका, मोटारसायकलवर मध्ये बसवून आणू नका. १०८ ला फोन करा. तोवर हलवू नका; उचलावंच लागलं तर डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून चौघांनी एकदम उचलायचं. स्ट्रेचर नसेल तर फळी किंवा काढलेलं दार चालतं. मज्जारज्जूवरचा दाब ऑपरेशनने काढायचा असेल तर तो २४ तासांच्या आत काढलेला बरा, याला चेंबरपेक्षा कितीतरी चांगला आधार आहे. म्हणून नातेवाइकांची वाट बघत किंवा "आधी गावात हाड बसवणाऱ्याला दाखवू" म्हणत जाणारी रात्र सगळ्यात महाग पडते.

पैसे जमवलेत. चेंबरला नको तर कशाला घालू?

आधी हिशेब मांडा: एका बैठकीची फी गुणिले चाळीस, अधिक खोली, जेवण, गाडी, सोबत राहणाऱ्याची बुडालेली मजुरी. मग तेवढ्याच पैशांत काय येतं ते बघा. मापाची व्हीलचेअर आणि तिच्यावरची चांगली उशी. एअर गादी. दर चार-सहा तासांनी नळी घालून लघवी काढायचं शिक्षण आणि त्या नळ्या. संडासाच्या दाराची रुंदी वाढवणं आणि उंबरा काढणं, कारण खुर्ची तिथेच अडते. वर्षभराची फिजिओथेरपी. दिव्यांग प्रमाणपत्राला पैसे लागत नाहीत, सिव्हिलच्या दोन-तीन खेपा लागतात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून घ्या.

मला विचाराल तर पहिला खर्च लघवी आणि कातडी यांवर. आपल्या लोकांना चालण्याची चिंता असते, पण माणूस खाटेला खिळतो तो मूत्रपिंडं बिघडल्याने आणि जखमांनी.

म्हणजे पोरगं असंच राहणार?

कुठल्या पातळीची, पूर्ण की अपूर्ण, किती महिने झाले, हे न बघता मी सांगणार नाही आणि दुसऱ्या कुणी सांगितलं तर ऐकू नका. पेठ गावचे मुरलीकांत पेटकर आपल्याच जिल्ह्यातले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालून गेले, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. त्यांचे पाय परत आले नव्हते. हे मी घराघरांत सांगते. काही पोरं ऐकून भिंतीकडे तोंड करतात, तेही मला कळतं.

केंद्राला फोन केला तर काय विचारू?

चेंबर कडक की कापडी, दाब किती, चालू असताना प्रशिक्षित डॉक्टर हजर असतात का. आधी आणि नंतर एशिया तपासणी कोण करणार? पैसे घेणाऱ्यानेच करू नये. "हे संशोधन आहे" म्हणाले तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीतला क्रमांक मागा. बैठकीगणिक पैसे घेऊन संशोधन म्हणणाऱ्याचा संशय घ्या. पूर्ण पॅकेजचे पैसे आज भरले तरच सूट, असं ऐकलं की फोन ठेवा.

तरीही जायचं ठरलंय. आजीने नवस बोललाय, थांबवता येत नाही.

मग नीट जा. आधी छातीचा एक्स-रे आणि कानाची तपासणी. पाय ताठ होण्यावरची बॅक्लोफेनची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, एकदम सोडली तर फिट येऊ शकते. लघवीच्या नळीचा फुगा हवेने नाही, पाण्याने भरलेला आहे ना, हे नर्सला विचारा. दाबाखाली हवेचा फुगा आक्रसतो आणि नळी निसटते. आत जायच्या आधी लघवीची पिशवी रिकामी, पोट साफ. फक्त सुती कपडे. डोक्याला तेल नको, अंगाला बाम नको, खिशात मोबाइल, लायटर, तंबाखूची डबी काही नको. हात चालत नसतील तर आत घंटा कशी वाजवणार, हे चेंबर बंद व्हायच्या आधी ठरवून घ्या, पापण्यांची खूण असली तरी चालेल. माकडहाड आणि टाचांखाली काय ठेवलंय ते स्वतः हात घालून बघा. आणि रोज खोलीवर परत आलात की चहाच्या आधी त्याला कुशीवर वळवा, मोजे काढा आणि बॅटरीच्या उजेडात कातडी तपासा. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा होत नसेल तर दुसऱ्या दिवशीची बैठक रद्द.